अकरा एकांची संख्या

हिरेमठ सरांचं घर आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होतं, तरी त्यांचं पत्र पोस्टाने आलं. १९६९ सालचा फेब्रुवारी. मधली सुट्टी संपत आली होती आणि शिक्षकांच्या खोलीत मी एकटाच होतो. सोपान शिपायाने पाकीट माझ्या पुढ्यात ठेवलं आणि तो मुद्दाम रेंगाळला.

“बायकी अक्षर दिसतंय, गुरुजी. मुलीकडनं होकार आला का काय?”

“नाही. गणिताचं आहे.”

“गणिताचं? आन् असल्या वळणदार अक्षरात?” तो हसत हसत घंटा द्यायला गेला.

अक्षर सरांच्या मुलीचं, महानंदाचं होतं. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते सांगत आणि ती लिहून देई. पत्र एका पानाचं होतं. शेवटी लिहिलं होतं : ‘आपण रागावला असाल तर क्षमा करा. मला दुसरं काही नको. २१६४९ या संख्येने केलेल्या भागाकाराची आपल्या वहीतली मांडणी तेवढी उतरवून पाठवा. बाकी नको, ती मला माहीत आहे. मांडणी हवी.’

मी पत्राची घडी घालून ते पुस्तकात ठेवलं आणि आठवीच्या वर्गावर गेलो. त्या तासाला काय शिकवलं ते मला तेव्हाही कळलं नाही. पत्राचं उत्तर मी दिलं नाही.

का दिलं नाही ते सांगायचं तर आदल्या वर्षापासून सांगावं लागेल. मला ते नीट जमेलच असं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचली. स्वतः चार ओळी लिहिल्या की पहिल्या तीन खोडाव्याशा वाटतात.

सर बार्शीच्या आमच्या शाळेतून निवृत्त झाले आणि काही दिवसांनी त्यांच्या जागी मी आलो. वय सत्तावीस. गावात ओळख कुणाची नाही, आणि करून घ्यायची ताकदही नाही. शाळा, खोली, वाचनालय. वाचनालयातच सरांनी मला गाठलं.

“तुम्ही मेढेकर ना? माझ्या खुर्चीत बसता म्हणे. डुगडुगते ती. खाली पुठ्ठा सारा.” आणि लगेच, आवाज खाली आणून, “एक विचारू? अकरा वेळा एक लिहिला, तर ती संख्या मूळ आहे का हो?”

मी म्हणालो, माहीत नाही.

“मलाही नाही, म्हणून तर विचारतो. दोन एकांची अकरा, ती मूळ. तीन एकांची सदतीस त्रिक एकशे अकरा, ती गेली. पाच एकांचीला एक्केचाळीसने भाग जातो, सात एकांचीला दोनशे एकोणचाळीसने. अकरांची मात्र हाती लागत नाही. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. म्हणून बघा की, तोंडात कशी घोळते! हिला कशानेच भाग जात नसेल तर ही खरी राणी. आणि जात असेल तर चोर कुठंतरी लपलेला असणार. धुंडायचा का?”

मला नाही म्हणता आलं नाही. मला कधीच कुणाला नाही म्हणता आलेलं नाही.

चोर कुठे लपू शकतो ते सरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. या संख्येला भाग गेलाच तर तो अशाच मूळ संख्येने जाणार, जिला बावीसने भागलं की बाकी एक उरते. आणि एक लाख पाच हजार चारशे नऊच्या पुढे बघायचं कारण नाही. दोन भाजकांतला लहान त्याच्या आत असायलाच हवा. अशा संख्या हजाराच्या आसपास निघाल्या. त्यांची यादी सरांनी नजर चांगली होती तेव्हाच करून ठेवली होती.

दर आठवड्याला पंचवीस भागाकार. प्रत्येक भागाकार दोघांनी करायचा, आपापल्या घरी, आपापल्या वहीत. मधे एकमेकांशी बोलायचं नाही. रविवारी सकाळी सरांकडे मेळ. सर वयाने मोठे, म्हणून आधी ते वाचत. “तेवीस. बाकी अमुक.” माझ्या वहीत तीच बाकी असली की मी “बरोबर” म्हणायचं. नसली की दोघांनीही तो पुन्हा करायचा.

“एक माणूस चुकतो,” सर म्हणत. “दोन माणसंही चुकतात. पण दोन माणसं वेगवेगळ्या घरात बसून एकसारखी चुकत नाहीत.”

नऊ आठवडे मी सगळे भागाकार केले. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही. झालं तसं सांगतो. दहाव्या आठवड्यात वडिलांनी अकलूजला मुलगी बघायला नेलं. तिथे चार दिवस गेले, परत आलो तर चाचणीचे पेपर तपासायचे. रविवारी सरांच्या दारात उभा राहिलो तेव्हा वहीत पंचवीस संख्या नुसत्या लिहिलेल्या होत्या, त्यांच्यापुढे काही नव्हतं. सांगायचं, पुढच्या रविवारी पन्नास करू म्हणायचं, एवढं ठरवून गेलो होतो.

“या, या. अकलूजची कशी होती?”

“बरी होती.”

“बरी म्हणजे? भागाकार येतात का?”

“अप्पा, त्यांना आधी बसू तरी द्या,” महानंदा आतून म्हणाली.

मी बसलो. सरांनी भिंग घेतलं, वही नाकाशी धरली, आणि मी तोंड उघडायच्या आत पहिली बाकी वाचली. मग मान वर करून माझ्या दिशेने पाहू लागले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक आकार दिसत असणार. ते थांबले होते. त्या थांबण्याची मला भीती वाटली.

“बरोबर,” मी म्हणालो.

सरांनी सांगितलेला आकडा मी पटकन वहीत लिहून घेतला. दुसरा. बरोबर. तिसरा. बरोबर. पंचवीस वेळा. 

ते एकदाच व्हायचं होतं. पण तो धरून सहा-सात रविवार तसेच गेले. सगळे नव्हे, सहा-सात. सोपं आहे हे एकदा कळलं की हात आपोआप आळसावतो. सरांच्या बाक्या नेहमी बरोबरच असतात, अशी मी मनाची समजूत घातली. आधीच्या नऊ आठवड्यांत ते चार वेळा चुकले होते, हेही मला आठवत होतं.

सप्टेंबरअखेर यादी संपली. कशानेच भाग गेला नव्हता.  सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि तो हातातच ठेवला. मग म्हणाले, “सोलापूरला दिवाळीनंतर गणित शिक्षकांचं अधिवेशन आहे. वीस मिनिटं मागून घेतो.”

त्या दिवसापासून माझी झोप गेली.

दिवाळीच्या सुट्टीत, अधिवेशनाला चार दिवस उरले असताना, मी सोपानकडून वर्गाची किल्ली घेतली. खोलीवर घरमालकांची ये-जा असे, आणि मला हे काम कुणाच्या नजरेसमोर करायचं नव्हतं. न केलेले दीडएकशे भागाकार. रोज चाळीस केले असते तर झाले असते. झाले की सगळं खरं होणार होतं, उशिरा का होईना. दार लोटून घेतलं आणि फळ्यावरच सुरुवात केली. वाटलं, मोठ्या आकड्यांत चूक कमी होईल.

पहिल्या सहा बाक्या सरांच्या बाक्यांशी जुळल्या. प्रत्येक वेळी छातीवरचं ओझं थोडं हललं. सातवी संख्या २१६४९. वहीत सरांची बाकी होती ११६४९. पाच, एक, तीन, दोन, तीन. शेवटी खाली उरले १९४८४१. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास नव्वे किती, ते बाजूला मांडलं. एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस.

वजाबाकी करायला खडू उचलला आणि तो फळ्यापर्यंत जाईना. करायची गरजच नव्हती. वरचा आकडा आणि खालचा आकडा एकच होता.

पुसलं. पुन्हा केलं. पुन्हा पुसून तिसऱ्यांदा केलं. बाहेर व्हरांड्यात चपलांचा आवाज आला आणि सोपानने दार ढकललं.

“काय गुरुजी, सुट्टीत कुणाला शिकवताय?”

मी फळ्याला पाठ लावून उभा राहिलो. सोपान चौथीपर्यंत शिकलेला. त्याला त्यातलं काही कळणार नव्हतं हे मला माहीत होतं. तरी मी शून्याच्या जागेवर पाठ घट्ट दाबून धरली.

“असंच. सराव.”

“घामाघूम झालाय की हो. ताप-बिप नाही ना?”

“नाही.”

तो गेला. मी फळा पुसला, ओल्या फडक्याने पुसला, आणि वाळेपर्यंत तिथेच बसलो. उरलेले भागाकार मी केले नाहीत. आता ते करून उपयोग नव्हता.

शुक्रवारी सरांकडे गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो. सर खोलीच्या मधोमध काळा कोट घालून उभे होते आणि महानंदा खाली बसून त्याची गुंडी शिवत होती.

“सर, जरा बोलायचं होतं.”

“बोला की.”

“एखाद्या भागाकारात… म्हणजे, आपल्याकडून एखादी चूक राहिली असली तर?”

महानंदाने दोरा दाताने तोडला. सर हसले.

“मेढेकर, आठ दिवस मी तोच विचार करतोय. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा उरलेला नाही. आठाचे शून्य दिसतात, तीन आणि पाच एक दिसतात. एकटा असतो तर मी सोलापूरला गेलो नसतो, खरं सांगतो. तुमचं ‘बरोबर’ आहे म्हणून हा कोट घातलाय.”

“अप्पा, हलू नका. सुई लागेल.”

“काय म्हणत होता तुम्ही?”

“काही नाही,” मी म्हणालो. “कोट चांगला दिसतो.”

रविवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही सोलापूरला गेलो. दोन-अडीच तास सर खिडकीशी बसून भाषण पुटपुटत होते. फाटकात कुर्डुवाडीकडची रेल्वे पुढे आडवी गेली तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. वैरागला वाटलं, चहा झाला की सांगावं. मग सोलापूर आलं.

सभागृहात साठ-सत्तर शिक्षक होते. सर छान बोलले. कागद नव्हता, फळ्यावर फक्त अकरा एक लिहिले आणि त्यांच्याकडे पाठ करून बोलत राहिले. लोक हसले, मग गप्प होऊन ऐकू लागले. मी तिसऱ्या रांगेत होतो. 

प्रश्नांच्या वेळी कॉलेजमधले एक प्राध्यापक उभे राहिले. ओगले त्यांचं नाव. माणूस सौम्य होता, बोलण्यात खोच नव्हती.

“हिरेमठ सर, मला आपलं कौतुक वाटतं. पण हजार भागाकार हातांनी… चुकीची शक्यता आपण कशी गृहीत धरली?”

“प्रत्येक भागाकार दोघांनी स्वतंत्र केला. प्रत्येक बाकी जुळली तेव्हाच पुढे गेलो.”

“प्रत्येक?”

“प्रत्येक. माझे सहकारी इथे बसलेत. मेढेकर, उभे राहा. सांगा त्यांना.”

सगळ्या माना वळल्या. मी उभा राहिलो.  सर माझ्याकडे पाहत होते, म्हणजे माझ्यापासून वीतभर डावीकडे.

“हो,” मी म्हणालो. “प्रत्येक.”

टाळ्या झाल्या. परतीच्या गाडीत सर गाढ झोपले, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. मी बार्शीपर्यंत हललो नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. कधी सर्दी, कधी पेपर. फेब्रुवारीत ते पत्र आलं. त्याचा वरचा भाग मी अजून सांगितला नाही. तो असा होता :

‘प्रा. ओगले यांचं कार्ड आलं. त्यांना एका जुन्या कोष्टकात ही संख्या सापडली. २१६४९ ने भाग जातो. मी पुन्हा करून पाहिला, जातो. माझी चूकही सापडली. वजाबाकीत हातचा एक जादा धरला गेला. म्हातारपणी चुकलं, त्याचं मला एवढं वाटत नाही. परंतु माझी बाकी चुकून ११६४९ आली, आणि आपण “बरोबर” म्हणालात, म्हणजे आपलीही तीच आली. दोन माणसं वेगवेगळ्या घरी बसून एकच चूक कशी करतील? मी रात्रंदिवस विचार करतो. मला हे उकलत नाही.’

मी खोटं बोललो असेन, ही शक्यता त्यांनी मांडलीच नव्हती. ती त्यांना सुचलीच नव्हती. पत्र मी दहा वेळा वाचलं ते तिचा मागमूस शोधण्यासाठी. एखादा टोमणा, एखादा आडवा शब्द. सापडला असता तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये भाजीबाजारात महानंदा समोर आली. मला वळता आलं नाही.

“सर, पत्र पोचलं ना?”

“पोचलं.”

“अप्पा रोज तो एकच भागाकार करतात. सकाळी उठले की तोच. भाग जातो, मग वही मिटून बसतात.” तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “परवा मला म्हणाले, मेढेकर ‘बरोबर’ म्हणालेच नसतील. ते काही वेगळं म्हणाले असतील आणि मलाच तसं ऐकू आलं. डोळे गेलेत, आता डोकंही मला हवं तेच ऐकवतंय. आता मी काही बोलले तरी विचारतात, तू आत्ता बोललीस ना? खरंच बोललीस?”

मी तिच्या पिशवीतल्या मेथीकडे बघत राहिलो.

“तुम्ही एकदा या, सर. तुमच्या वहीत काय आहे ते एकदा सांगा. रागवायचं तर रागवा, पण सांगा. ते घाबरलेत हो. मीसुद्धा घाबरले आहे.”

“येतो,” मी म्हणालो. “रविवारी येतो.”

त्या रविवारी मी पहाटेच्या गाडीने गावी गेलो. जूनमध्ये संस्थेला अर्ज करून इंदापूरच्या शाळेत बदली मागून घेतली. सर पाच वर्षांनी गेले. सोपान कधीतरी लग्नात भेटला तेव्हा त्याने सांगितलं, “शेवटी शेवटी कुणी हाक मारली तरी ओ देत नव्हते. म्हणायचे, खरंच मारली का मला वाटली, ते कळत नाही. पोरगी बिचारी हाताला धरून जेवायला उठवायची.”

मी विषय बदलला.

यंदा मी सत्त्याहत्तर वर्षांचा झालो. पुण्यात मुलाकडे असतो. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला, एकदा घराचा जिना चुकलो, म्हणून सुहास मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या.

“आजोबा, शंभरातून सात वजा करा. आलेल्या उत्तरातून पुन्हा सात. असं करत चला.”

“डॉक्टर, बाबा गणिताचे शिक्षक होते,” सुहास म्हणाला. “दुसरं काहीतरी अवघड विचारा.”

“त्र्याण्णव,” मी म्हणालो. “शहाऐंशी. एकोणऐंशी. एकाहत्तर. चौसष्ट.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. खाली उतरताना जिन्यात मला संशय आला. मी कठड्याला धरून थांबलो.

“सुहास, मी मधे कुठं चुकलो का रे?”

“नाही हो बाबा. सगळं नीट सांगितलंत.”

त्याचा हात माझ्या दंडाखाली होता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला काही समजेना. घरी येईपर्यंत मी रिक्षात बोटांवर मोजत होतो. एकोणऐंशीतून सात. पुन्हा एकोणऐंशीतून सात. बहात्तर येत होते, पण मी तिथे काय म्हणालो होतो ते मला खात्रीने सांगता येत नव्हतं. पोरगा माझ्या शेजारी बसला होता, त्याला माहीत होतं, आणि मायेने तो सांगत नव्हता. आतून गार पडत जाणं म्हणजे काय ते मला त्या रिक्षात कळलं.

दुसऱ्या दिवशी बार्शीच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. महानंदा लातूरला असते. एकटीच असते, शिवण घेते, ऐकू चांगलं येतं, असं तो म्हणाला. पत्ता घेतला.

पत्र लिहायला नऊ दिवस लागले. पहिल्या मसुद्यांत मी अकलूज, चाचणीचे पेपर, माझा भिडस्त स्वभाव, सगळं लिहिलं होतं. ते काढून टाकलं. उरलं ते इतकंच :

‘सौ. की श्रीमती, मला माहीत नाही, महानंदाताईंना नमस्कार. आपल्या वडिलांनी मला एक मांडणी मागितली होती. ती माझ्याजवळ नव्हती. मी तो भागाकार केलाच नव्हता. ते बाकी वाचत, मी ती उतरवून घेई आणि “बरोबर” म्हणे. ते “बरोबर” त्यांनी खरंच ऐकलं होतं. त्यांचे कान ठीक होते. डोकं ठीक होतं. वजाबाकीत हातचा कुणाचाही चुकतो. सोलापूरला उभा राहिलो तेव्हा भाग जातो हे मला चार दिवस आधीच कळलेलं होतं. मागितलेली मांडणी सोबत जोडली आहे. — गजानन मेढेकर.’

मांडणी करायला सकाळ गेली. तीनदा केली, कारण आता मलाही माझा भरवसा नाही. तिन्ही वेळा खाली शून्य आलं.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकीट उलटसुलट पाहिलं आणि माझ्याकडे परत सरकवलं.

“काका, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता राहिला.”

“लिहायलाच हवा?”

“रजिस्टरला लागतोच. नाहीतर साधं पाठवा, पेटीत टाका.”

पेटी दारालगतच होती. मी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि नाव लिहिलं, पूर्ण. इमारत, मजला, रस्ता, पिनकोड. अक्षर इतकं हललं की मुलीने मान तिरकी करून ते वाचलं आणि मला वाचून दाखवलं. मी मान हलवली. तिने वजन केलं, चिकटपट्टी लावली, शिक्का मारला.

“पोचपावती हवी का? समोरच्याच्या सहीची येते परत, घरी.”

मागच्या बाईने घसा खाकरला. पाकीट अजून काउंटरच्या अलीकडे होतं, हाताच्या अंतरावर.

“हवी,” मी म्हणालो.

तिने गुलाबी कार्ड पाकिटाला लावलं आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.